‘थकवा तिला ठाऊक नाही’ असं लिहू नका

मी सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे गावात कुणाचा सत्कार असला की मानपत्र लिहायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. एका ८ मार्चला आमच्याकडे महिला दिनाचा कार्यक्रम होता. सत्कारमूर्ती होती एक आशा कार्यकर्ती, माझीच जुनी विद्यार्थिनी. मी मनापासून लिहिलं. पहाटे साडेचारला उठून ती पाणी भरते, सासऱ्यांचं पथ्यपाणी बघते, मुलांचे डबे करते. मग गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या, लसीकरण, रजिस्टरं. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, आणि रात्री सगळे झोपले की शिलाई मशीन. शेवटी एक वाक्य टाकलं : ‘थकवा तिला ठाऊक नाही.’

टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ, फोटो झाले. मांडववाल्याची पोरं खुर्च्या उचलायला लागली तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘‘बाई, छान लिहिलंत. पण थकवा ठाऊक नाही असं कशाला लिहिलंत? मी रोज थकते.’’

ती रागावली नव्हती. पूर्वी वहीत माझ्याकडून एखादा गुण चुकून कमी पडला की जशी टेबलाशी येऊन दाखवायची, तसंच तिनं दाखवलं. घरी येऊन मी जुन्या मानपत्रांची फाईल काढली. बायकांच्या प्रत्येक मानपत्रात ‘हसतमुखाने’ होतं, ‘कंबर कसून’ होतं आणि ‘घर सांभाळून’ होतं. पुरुषांची मानपत्रंही त्याच फाईलमध्ये होती. त्यांतल्या एकातही ‘घर सांभाळून’ हे शब्द नव्हते.

त्या दिवसापासून एक गोष्ट सांगायची मनात आहे, ती आज सांगते. बाईच्या सोसण्याचं कौतुक आता थांबवू या. त्या कौतुकाखाली जो हिशेब झाकला जातो, तो उघडून बघू या. हा हिशेब एकट्या आपल्या गावचा नाही. ढाका, मनिला, लंडन, बीड, न्यू जर्सी, सगळीकडे तो एकाच पद्धतीनं मांडला जातोय.

कौतुक जुनं, काम नवं

बाईनं सोसावं आणि त्यासाठी तिला देवी म्हणावं, ही रीत जुनीच आहे. पण गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिला नवं बळ मिळालं. १९७९मध्ये ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर आणि १९८१मध्ये अमेरिकेत रोनाल्ड रेगन सत्तेवर आले. सरकारनं कमीत कमी करावं, बाजारानं जास्तीत जास्त करावं आणि माणसानं स्वतःचं स्वतः बघावं, असा विचार त्यांच्याबरोबर पुढे आला. कर्जात बुडालेल्या आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं आणि जागतिक बँकेनं पैसे दिले ते याच अटींवर : अनुदानं कमी करा, सरकारी खर्च आवरा. आपल्याकडे १९९१च्या जुलैत हे वारं आलं. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची पहिली अक्षरं जोडून मराठी कार्यकर्त्यांनी त्याला ‘खाउजा’ असं नाव दिलं. पुस्तकात याला नवउदारवाद म्हणतात.

१९८७मध्ये एका मुलाखतीत थॅचरबाई म्हणाल्या होत्या की समाज असं काही नसतंच. असतात ती एकेकटी माणसं, पुरुष आणि बायका, आणि कुटुंबं. ही मुलाखत छापली होती ‘वुमन्स ओन’ या बायकांच्या साप्ताहिकानं. माझ्या मनात हे पक्कं बसलंय. कारण समाज वजा केला आणि कुटुंब तेवढं ठेवलं, तर समाजाची कामं कुणाच्या अंगावर पडणार, हे ते साप्ताहिक वाचणाऱ्या बाईला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

हे घडतं कसं ते बघा. सरकारी दवाखान्यात खाटा कमी असल्या की रोग्याला लवकर घरी पाठवतात. घरी त्याचं अंथरूण बदलायला, औषधं द्यायला, रात्री जागायला कुणीतरी लागतं. अंगणवाडी दुपारी बंद होते, मुलाला संध्याकाळपर्यंत बघायला कुणीतरी लागतं. नळाला पाणी येत नाही, टँकरपाशी उभं राहायला कुणीतरी लागतं. हे ‘कुणीतरी’ कोण, ते आपल्याला माहीत आहे. सरकारच्या अंदाजपत्रकात पैसे वाचल्याचं दिसतं. पण काम काही वाचत नाही, ते घरात येऊन पडतं.

आकडेही हेच सांगतात. २०१९मध्ये भारत सरकारनं पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. हे ९७ सुद्धा जे पुरुष घरात काही करतात त्यांचे. शंभरातले जेमतेम २६ पुरुष असं काही करत होते, बायका ८१. पाच वर्षांनी, २०२४मध्ये, पुन्हा मोजलं. बायकांची मिनिटं २८९ झाली, म्हणजे दहा कमी. पुरुषांची ८८ झाली, म्हणजे त्यांचीही नऊ कमी. एवढा काळ बदलला, पण फरक होता तिथेच राहिला. आणि ही गोष्ट एकट्या भारताची नाही. जगभरात बिनपगारी काळजीचं जेवढं काम होतं, त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त तास बायकांचे असतात, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८मध्ये मांडलं आहे.

बोटांचं, त्यागाचं आणि मानाचं कौतुक

आता कौतुक कुठे कुठे वापरलं जातं ते सांगते.

१९७०च्या दशकात मलेशिया सरकारला परदेशी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचे कारखाने देशात आणायचे होते. त्यासाठी काढलेल्या माहितीपत्रकात पूर्वेकडच्या बायकांच्या हातांची तारीफ होती : हात लहान, काम भरभर आणि काळजीपूर्वक. डायन एल्सन आणि रूथ पीअर्सन या दोन अभ्यासक बायकांनी १९८१मध्ये या तारिफेची गाठ सोडवली. ती बोटं जन्मतः चपळ नसतात. लहानपणापासून आईच्या हाताखाली शिवण, टिपण, निवडण करून ती तयार होतात. पण ते शिक्षण घरात झालेलं असतं, त्याचा दाखला नसतो. मग त्या कसबाला ‘बायकांचा स्वभाव’ म्हणायचं आणि अकुशल कामगाराची मजुरी द्यायची. आपल्याकडे शिवणकाम, भरतकाम, पापड लाटणं, विड्या वळणं यांचे दर इतके कमी का, याचं उत्तर याच गाठीत आहे.

त्याच बोटांच्या जोरावर बांगलादेशात तयार कपड्यांचा धंदा उभा राहिला. तो वाईटच होता असं मी म्हणणार नाही. खेड्यातून ढाक्याला आलेल्या लाखो मुलींनी पहिल्यांदा स्वतःची कमाई हातात धरली, लग्न पुढे ढकललं, घरात शब्द टाकायला शिकल्या. ही कमाई खरी आहे. पण २४ एप्रिल २०१३ हा दिवसही खरा आहे. ढाक्याजवळ सावरमधल्या राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला आदल्या दिवशी तडे गेले होते. त्याच इमारतीतल्या बँकेनं आपल्या लोकांना घरी पाठवलं. वरच्या मजल्यांवर शिवणकाम करणाऱ्यांना मात्र सकाळी कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. एकाच इमारतीत, एकाच सकाळी, कुणाचा जीव सांभाळायचा आणि कुणाचा नाही हे कसं ठरलं, याचा विचार पुढच्या वेळी स्वस्त टी-शर्ट हातात घेताना करा.

फिलिपिन्सची गोष्ट आणखी जवळची वाटेल. तिथे १९७४च्या कामगार कायद्यापासून माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. पुढे बायका मोठ्या संख्येनं हाँगकाँग, सिंगापूर, आखाती देशांत घरकामाला आणि मुलं सांभाळायला गेल्या. १९८८मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अ‍ॅक्विनो यांनी हाँगकाँगमध्ये या बायकांना देशाच्या ‘नव्या वीर’ म्हटलं. १७ मार्च १९९५ला त्यांतल्याच एका घरकामगार बाईला, फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑनला, सिंगापुरात खुनाच्या आरोपावरून फाशी झाली. आपल्या सरकारनं तिच्यासाठी पुरेसं केलं नाही म्हणून फिलिपिन्समध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी कायदा करावा लागला. वीर म्हणायला काही खर्च येत नाही, पण वकील द्यायचा तर पैसे लागतात, वेळेवर धावपळ करावी लागते. लोक चिडले होते ते यासाठी.

दुसऱ्याची मुलं सांभाळायला गेलेल्या बाईची स्वतःची मुलं कोण सांभाळतं? आजी, मावशी, थोरली बहीण, नाहीतर तिच्याहून गरीब अशी पगारी बाई. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी याला काळजीची जागतिक साखळी म्हटलं आहे. आपल्या घरात डोकावून बघा, ती साखळी तिथेही सापडेल. मुलगी न्यू जर्सीला असते. बाळंतपण आलं की पुण्या-नाशिकची आई सहा महिन्यांसाठी विमानात बसते. आपण याला हौस म्हणतो, आणि नातवाची ओढ असतेच. पण अमेरिकेत बाळंतपणाच्या पगारी रजेचा देशभर लागू असा कायदा नाही आणि पाळणाघर परवडत नाही, हेही कारण त्यात आहे. आई गेली की मागे राहिलेल्या आजोबांचं बघायला एक मावशी ठेवली जाते. त्या मावशीची नात वस्तीतल्या शेजारणीकडे असते. साखळीतली प्रत्येक जण बाईच, आणि प्रत्येक कडीला मजुरी कमी कमी होत जाते.

मानधन या शब्दाचा अर्थ

आपल्याकडे एक शब्द आहे, मानधन. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून हाच शब्द आहे. २००५मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या, त्यांना सुरुवातीपासून स्वयंसेविका म्हटलं गेलं. कामाच्या बाबीनुसार मोबदला, ठरलेलं वेतन नाही. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. करोनात त्या दारोदार फिरल्या. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं जिनिव्हात त्यांचा सन्मान केला. आणि २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांच्या मागणीत काही अवाजवी होतं का? जगाच्या व्यासपीठावर मान मिळाला, धनासाठी मात्र मैदानात झोपावं लागलं. मानधन या शब्दातला ‘मान’ हा ‘धन’ कमी देण्यासाठी वापरला जातो, हे मी शब्द शिकवणारी बाई म्हणून सांगते.

ही लढाई जिंकता येते, हेही सांगायला हवं. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. सेवा म्हणून ज्याचा गौरव होतो ते ‘काम’ आहे, हे निदान त्या एका बाबतीत मान्य झालं.

आता कोयत्याकडे या. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. तिथे मजूर माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ते जोडीला मिळून, आणि ते जातात नवऱ्याच्या हातात. बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरते, पाणी-सरपण-भाकरी करते, आणि हिशेबात ती अर्धा कोयता असते. दिवस मोडला तर खाडा पडतो, म्हणजे उचलीत भर पडते. पाळी आली, पोट दुखलं, गरोदरपणात चक्कर आली, तरी खाडा खाडाच. २०१९मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोडणी बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी चाळिशीही गाठली नव्हती. कोयता पद्धत खाउजापेक्षा जुनी आहे, हे खरं. पण शरीराची नेहमीची गरज म्हणजे कामातला अडथळा, आणि तो अडथळा दूर करायची जबाबदारी त्या एकट्या बाईची, हा विचार मात्र याच काळाला शोभणारा आहे. त्या फडात ना संडास होता ना सुट्टी. जवळचा उपाय एकच होता, पैसे घेणारा खासगी दवाखाना. आणि त्यासाठीही पुन्हा उचल.

‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ या सल्ल्याचंही असंच होतं. बांगलादेशातल्या जोब्रा गावात १९७६मध्ये मुहम्मद युनूस यांनी गरिबांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. त्यातून ग्रामीण बँक झाली, २००६मध्ये नोबेल मिळालं. कर्ज घेणाऱ्या बहुतेक बायका होत्या, कारण बायका पैसे फेडतात. हे पुन्हा कौतुकच. बायका का फेडतात? कारण त्यांना अब्रूची भीती असते, आणि गटातल्या बाकीच्या जणी जामीन असतात. आंध्र प्रदेशात २०१०पर्यंत वसुलीची गोष्ट इतकी टोकाला गेली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, की सरकारला वटहुकूम काढावा लागला.

आपल्या गावचा बचत गट आणि बाहेरून आलेली कर्जकंपनी यांत फरक आहे, तो लक्षात ठेवा. बचत गटात पैसा बायकांचा, व्याज बायकांचं, निर्णयही बायकांचा. गटानं कित्येक जणींना सावकाराकडून सोडवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कंपनीचा हप्ता मात्र आठवड्याला येतो. सतरंजीवर बायका बसलेल्या असतात, एकीचे पैसे कमी पडले की बाकीच्या पदराच्या गाठी सोडतात आणि पुढचे आठ दिवस तिच्याशी बोलत नाहीत. ज्या गावात पाऊस नाही, बाजार लांब आहे, रस्ता नाही, तिथे एकटीनं शेळी घेऊन गरिबी हटवावी आणि नाही हटली तर तिची जिद्द कमी पडली, हे म्हणणं अन्यायाचं आहे.

शहरातल्या ताईंनो, तुमच्याशीही

तुम्हाला वाटेल, ही गरीब बायकांची गोष्ट आहे. तसं नाही. तुम्हाला जो आदर्श दिलाय तो कमी दमवणारा नाही. १९९४मध्ये सुश्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ आणि ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’ झाली. नुकत्याच खुल्या झालेल्या बाजारात सौंदर्याची दुकानं गल्लोगल्ली आली. गोरं करणारी क्रीमं आधीपासून होतीच. आता जाहिरातीतली मुलगी क्रीम लावून नवराच नव्हे तर नोकरीही मिळवू लागली. म्हणजे दिसणं हेही पात्रतेत जमा झालं. २०१३मध्ये फेसबुकच्या वरिष्ठ अधिकारी शेरिल सँडबर्ग यांचं ‘लीन इन’ हे पुस्तक आलं आणि जगभर खपलं. बाईनं मागे न राहता पुढे सरसावावं, हात वर करावा, असा त्यातला सूर होता. सल्ला वाईट नाही. मीही मुलींना हेच सांगत आले. पण हात वर करणाऱ्या बाईच्या घरी भांडी कोण घासतं, त्या भांडीवालीला साप्ताहिक सुट्टी आहे का, हे प्रश्न अशा सल्ल्यात मागे पडतात.

जुना आदर्श सांगत होता, घरात राहा. नवा सांगतो, बाहेर पड, कमव, सडपातळ राहा, मुलांना पहिला नंबर आणून दे, सासूबाईंची पथ्यं सांभाळ, घराच्या हप्त्याला हातभार लाव आणि दमू नकोस. जुना आदर्श उठून गेलाच नाही, नवा त्याच्या डोक्यावर येऊन बसला. आणि यात कुठे कमी पडलीस तर दोष तुझ्या वेळेच्या नियोजनाचा. मग बाई पहाटे उठण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ बघते. ज्या घरात आणखी तीन धडधाकट माणसं आहेत, तिथे तिनं आणखी लवकर का उठावं, हे त्या व्हिडिओत कुणी विचारत नाही.

पुरुषांनाही या हिशेबात सुख नाही. मर्द तो, जो कमावून आणतो, असं सांगून ठेवलंय. आणि पक्क्या नोकऱ्या तर कंत्राटी झाल्या. काम सुटलेला माणूस घरी बसला की त्याला वाटतं आपण कुणीच नाही. त्याला पोळ्या करता आल्या, आजारी आईचं डोकं चेपता आलं, तर तो कुणीतरी राहील. घरकाम वाटून घेणं ही बायकोवर मेहेरबानी नाही, त्यात तुमचाही आधार आहे, एवढं पुरुष वाचकांना कळकळीनं सांगते.

दुसरी वाट लोकांनी चालून दाखवली आहे

१९७२चा दुष्काळ आणि महागाई ज्यांनी पाहिली, त्यांना लाटणं मोर्चे आठवत असतील. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांच्या मागे मुंबईतल्या हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेल महाग झालं तर ‘कमी तेलातल्या पाककृती’ शिकायच्या नाहीत, सरकारला भाव विचारायचा, हे त्यांना स्वच्छ कळलं होतं. चिमटा काढून संसार करणाऱ्या बाईचं कौतुक तेव्हाही होतंच. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरातली अडचण चौकात आणली.

तिकडे आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५च्या शुक्रवारी बायकांनी एक दिवस सुट्टी घेतली. नोकरीतून आणि घरातूनही. सुमारे नव्वद टक्के बायका सामील झाल्या. शाळा, मासळीचे कारखाने, दुकानं अडली. वडील मुलांना घेऊन कचेरीत गेले, आणि झटपट शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले. बायका काय करतात हे त्या एका दिवसात देशाला दिसलं. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला आणि १९८०मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. २४ ऑक्टोबर २०२३ला तिथे पुन्हा असा संप झाला, त्यात त्या वेळच्या पंतप्रधान बाईही सामील होत्या.

कोलंबियातल्या बोगोटा शहरानं २०२०पासून वस्तीवस्तीत काळजी केंद्रं उघडली. बाई तिथे मूल किंवा म्हातारी आई सोबत आणते. त्यांना सांभाळायला माणसं असतात, कपडे धुवायला यंत्रं असतात, आणि तेवढ्या वेळात ती राहिलेली शाळा पुरी करते किंवा नुसती विश्रांती घेते. पुरुषांना काळजीचं काम शिकवायचे वर्गही शहरानं सुरू केले. बाई कणखर आहे म्हणून तिची पाठ थोपटण्यापेक्षा तिच्या पाठीवरचं ओझं उतरवायला नगरपालिकेला जागा, माणसं आणि पैसा लागतो. तो उभा करता येतो.

आता आपण काय करायचं

फार मोठं काही सांगत नाही.

पहिलं, घरात एक आठवडा कागद लावा. कोण काय काम करतं आणि किती मिनिटं, एवढंच लिहा. भांडण करायचं नाही, फक्त लिहायचं. आठवड्यानं सगळ्यांनी मिळून वाचा. मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याला स्वतःचं ताट घासायला आणि भात लावायला शिकवा, आणि केल्यावर टाळ्या वाजवू नका.

दुसरं, कंपनीचं छोटं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२पासूनचे नियम लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज देता येत नाही. कर्ज आधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, शिवीगाळ-धमकी चालत नाही. हे एका कागदावर लिहून गटाच्या वहीत चिकटवा. आणि एकीचा हप्ता चुकला तर तिला वाळीत टाकू नका. आज ती आहे, उद्या आपण असू.

तिसरं, ग्रामसभेत आणि वॉर्डाच्या बैठकीत काळजीच्या कामाबद्दल बोला. अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालेल का? बाजाराच्या जागी बायकांचा संडास आहे का? तुम्ही ५० किंवा त्याहून जास्त माणसांच्या ठिकाणी काम करत असाल तर २०१७पासून कायद्यानं पाळणाघर बंधनकारक आहे. ते कुठे आहे, हे चार जणींनी मिळून विचारा. एकटीनं विचारलं की ती कटकटी ठरते. चौघींनी विचारलं की ती मागणी होते. सरकारी योजनेतून खात्यात महिन्याला काही रुपये येत असतील तर जरूर घ्या, हक्कानं घ्या. पण त्या रुपयांत पाळणाघर आणि दवाखाना आला असं समजू नका.

चौथं, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी, आजारपणाची पगारी रजा आणि वर्षाला पगारवाढ द्या. ‘आमच्या घरातल्याच आहेत’ असं म्हणून कमी देऊ नका. घरातल्या माणसाला कुणी वेगळ्या कपात चहा देत नाही.

पाचवं, आशा, अंगणवाडी सेविका, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायका संपावर गेल्या की ‘आमचं अडलं’ म्हणून चिडण्याआधी त्यांच्या मागण्या वाचा. वाचून पटल्या तर त्यांच्या निवेदनावर सही करा.

आणि शेवटचं, माझ्या क्षेत्रातलं. पुढच्या ८ मार्चला कुणी तुम्हाला मानपत्र लिहायला सांगितलं, सूत्रसंचालन दिलं, नाहीतर नुसतं व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकाव्याशा वाटल्या, तर ‘थकवा तिला ठाऊक नाही’ असं लिहू नका. ती किती तास काम करते ते लिहा. त्याचे तिला किती पैसे मिळतात ते लिहा. तिच्या गावाला काय मिळायला हवं ते लिहा, आणि ते वाचताना समोर बसलेल्या सरपंचांकडे, सभापतींकडे बघून वाचा.

त्या माझ्या विद्यार्थिनीचं मानपत्र मी पुन्हा लिहिलं. सत्कार होऊन गेला होता, तरी लिहिलं. ‘ती रोज थकते’ अशी सुरुवात केली. मग तिचे तास मांडले आणि त्याखाली तिचं मानधन. खाली ओळ टाकली, ‘या कामाला वेतन मिळावं अशी आम्हा गावकऱ्यांची मागणी आहे.’ ती ओळ लिहून झाल्यावर लक्षात आलं की त्याखाली सह्यांना जागा सोडायला हवी. मी कागद घेऊन तिच्याकडे गेले. तिनं उभ्याउभ्या वाचला, ओट्याला टेकून पुन्हा वाचला, आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, ‘‘पेन आण गं.’’